‘आजोबांची मालकीची’ की ‘आजोबांच्या मालकीची’? आणि वहिवाट म्हणजे नक्की काय?

तांबडीमाती (राजापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न व्याकरणाचा आहे पण नुसता व्याकरणाचा नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या आजोबांनी १९६१ साली गावात ४२ गुंठे जागा खरेदी केली. घर बांधलं, विहीर खणली, कातळात सुरुंग लावून खड्डे काढले आणि बाहेरून माती आणून हापूसची कलमं लावली. आजोबा १९८७ मध्ये गेले, आजी त्याच्या आधीच गेलेली. मुलगे तीन, तिघेही मुंबईत नोकरीला. मुलगी एक, म्हणजे आमची आत्या. ती १९८३ साली यजमान गेल्यावर माहेरी आली ती तिथेच राहिली. आज बागेत ३१ कलमं उभी आहेत त्यातली निम्मी तरी तिने लावलेली, पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात एकेका कलमाला विहिरीचं पाणी कळशीने नेऊन घातलेलं आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत डोळ्यांनी बघितलंय.

आता आम्ही सगळी चुलत भावंडं एकत्र बसून कागद करायचं ठरवलंय, वाद काही नाही, पण पुढच्या पिढीला त्रास नको. मसुदा मी लिहितोय. त्यात मी असं वाक्य लिहिलं:

“सदर बाग ही आजोबांची मालकीची व आत्येची वहिवाटीची आहे.”

चुलतभाऊ म्हणतो ‘आजोबांच्या मालकीची’ हवं. मला पण वाचताना तेच बरं वाटतं पण का ते सांगता येईना. त्यात १९६१ चं खरेदीखत काढून बघितलं तर तिथे तिसरंच, “माझे मालकीची व प्रत्यक्ष कब्जेवहिवाटीची”. म्हणजे ची, च्या आणि चे, तिन्ही झालं. बरोबर कुठलं? आणि ‘वहिवाट’ चा नेमका अर्थ काय धरायचा? आत्येने बाग जगवली हे कागदावर यावं एवढीच माझी इच्छा आहे आणि त्यासाठी हा शब्द पुरेसा वजनदार आहे का ते मला बघायचंय.

शुद्धलेखन (चिपळूण)

शाळेत ३० वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे पहिल्या भागाचं मी सांगते.

तुमचा चुलतभाऊ बरोबर आहे. ‘आजोबांची बाग’ म्हणतो आपण, पण ‘आजोबांच्या बागेत’. बाग सरळ उभी असेल तर ‘ची’, बागेला प्रत्यय लागला की तिच्या आधीचं ‘ची’ बदलून ‘च्या’ होतं. आता तुमच्या वाक्यात ‘आजोबांची’ हा शब्द कुणाला चिकटलाय ते बघा. तो मालकीला चिकटलाय, मालकी कुणाची तर आजोबांची. आणि त्या मालकीला पुढे ‘ची’ प्रत्यय लागलाय, मालकी + ची. मालकी हा ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द असल्यामुळे त्याचं सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं जे बदललेलं रूप होतं ते) डोळ्यांना दिसत नाही, मालकीच राहतं, म्हणून कानाला फसायला होतं. पण प्रत्यय लागलाय म्हणजे लागलाय, मग आधी ‘च्या’ च येणार. आजोबांच्या मालकीची.

शेवटचा ‘ची’ मात्र बागेकडे बघून ठरतो. आजोबांच्या मालकीची बाग, आजोबांच्या मालकीचा वाडा, आजोबांच्या मालकीचं घर, आजोबांच्या मालकीचे माड. पहिला ‘च्या’ हलत नाही आणि शेवटचा अक्षरभर बदलत राहतो. मराठीतली षष्ठी, म्हणजे हे चा-ची-चे प्रत्यय, विशेषणासारखी वागते, पुढच्या नामाचं लिंग-वचन घेते, हे मुलांना शिकवताना मी नेहमी घर-वाडा-बाग हेच उदाहरण घ्यायचे.

खरेदीखतातलं ‘माझे मालकीची’ चूक नाही. ती दस्तऐवजांची जुनी चाल आहे. जुन्या पत्रांत ‘त्यांचे घरी’, ‘आपले पत्रावरून’ असंच असायचं, आज आपण ‘त्यांच्या घरी’ म्हणतो. दस्तलेखक मंडळींनी ती चाल सोडली नाही एवढंच. तुम्ही आजच्या मराठीत लिहा, कागदाचं वजन त्याने कमी होत नाही.

तांबडीमाती

बाई खूप खूप आभार, आता कळलं. पण मग एक शंका. आमच्याकडे सर्रास म्हणतात ‘आमची मालकीची जागा आहे, भाड्याची नाही’. हे पण चूकच का?

शुद्धलेखन

नाही, ते चूक नाही, आणि प्रश्न फार चांगला विचारलात.

तिथे ‘आमची’ हा शब्द मालकीला चिकटत नाही, सरळ जागेला चिकटतो. आमची जागा. कशी जागा? मालकीची. भाड्याची नव्हे. म्हणजे ‘मालकीची’ हे तिथे जागेचा प्रकार सांगणारं विशेषण झालं, जसं ‘आमची कौलारू पडवी’. ‘आमच्या मालकीची जागा’ म्हटलं की मालक कोण ते सांगितलं, ‘आमची मालकीची जागा’ म्हटलं की जागा कुठल्या प्रकारची ते सांगितलं. पहिलं ‘कुणाची?’ चं उत्तर, दुसरं ‘कसली?’ चं. बोलताना दोन्ही चालतात, पण कागदावर ‘कुणाची’ हाच प्रश्न असतो तेव्हा ‘च्या’ शिवाय लिहू नका.

सुरंगी (वेंगुर्ला)

बाईंच्या उत्तरात माझी थोडी भर. ‘मालकी’ या शब्दाची अडचण अशी आहे की ज्याच्याकडे आहे तो पण ‘ची’ ने येतो आणि ज्या वस्तूवर आहे ती पण ‘ची’ नेच येते. ‘आजोबांची मालकी’ आणि ‘बागेची मालकी’. दोन्ही एकाच वाक्यात आणायला गेलं तर ‘बागेची आजोबांची मालकी’ असं काहीतरी विचित्र होतं जे कोणीच बोलत नाही. मग मराठी माणूस काय करतो तर एकाचा प्रत्यय बदलतो. ‘बागेवर आजोबांची मालकी’ किंवा ‘बागेची मालकी आजोबांकडे’. हे कोणी शिकवत नाही पण सगळे बरोबर करतात.

आणि मालकीचं अनेकवचन करत नाहीत. चौघांची मालकी असली तरी मालकीच, ‘मालक्या’ कोणी म्हणत नाही. दुसरं म्हणजे मालकी ‘करता’ येत नाही. मालकी असते, येते, जाते, सांगतात, गाजवतात. कब्जा मात्र करतात, घेतात, देतात, सोडतात. वहिवाट करतात. म्हणजे क्रियापद लावून बघितलं तरी फरक कळतो, कब्जा आणि वहिवाट ही हातापायांनी करायची गोष्ट, मालकी नुसती असावी लागते.

खाडीकाठ (मालवण)

आमच्या मालवणात ‘मालकी’ हो शब्द कागदावरचो. तोंडात ‘कोणाचो’ एवढाच. हो माड कोणाचो, ही व्हाळी कोणाची, ह्यां घर कोणाचां. बस, तेच्यात सगळा इला.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. ‘चो-ची-चां’ ने जे कळतं ते फक्त नातं कळतं, मालकी कळत नाही. माझा गाव म्हणतो मी, गाव काय माझ्या मालकीचा नाही. माझी एसटी चुकली म्हणतो. आमच्या वाडीत एक फणस आहे तो चार घरांचा, ‘आमचो फणस’ असं चारही घरं म्हणतात आणि चारही खरं बोलतात. म्हणून मला वाटतं कोर्टकचेरीला ‘मालकी’ हा वेगळा शब्द लागला, कारण नुसत्या ‘चा’ वर भांडण मिटत नाही.

आठ_आगर (अलिबाग)

खाडीकाठ यांनी लिहिलं ते वाचून राहवत नाही म्हणून लिहितोय. आमचं घराणं कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचं. आजी सांगायची की तिच्या लहानपणी लोक ‘आमचं शेत’ म्हणायचे आणि खोताचा (गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा) माणूस पण येऊन ‘आमचं शेत’ म्हणायचा, आणि पिकाचा वाटा उचलून न्यायचा. एकाच शेताला दोघं ‘आमचं’ म्हणतात, एक राबतो म्हणून आणि एक खोत म्हणून. आमच्या शेजारच्या चरी गावात १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी जमिनी पडीक ठेवून संप केला, नारायण नागू पाटील पुढारी होते, आणि १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने, मे १९५० पासून. त्यानंतर कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो ‘मानीव खरेदीदार’. हा मानीव शब्द मला फार आवडतो, मानला गेलेला, म्हणजे कायद्याने असं मानलं की त्या दिवशी त्याने जमीन विकत घेतली. मग किंमत ठरायची आणि ती भरली की कलम ३२ म चं सर्टिफिकेट, म्हणजे खरेदी पुरी झाल्याचा दाखला. आमच्या घरात ते सर्टिफिकेट अजून पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकमध्ये घालून ठेवलंय. आजीला वाचता येत नव्हतं पण ते कुठल्या कोपऱ्यात आहे हे तिला डोळे मिटून माहीत होतं.

तेव्हा तांबडीमाती दादा, तुम्ही एका शब्दासाठी एवढं विचारताय ते योग्यच करताय.

पोटहिस्सा (रत्नागिरी)

मी वकिली करतो, दिवाणी. वहिवाटीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो.

वहिवाट या शब्दाचे आपल्याकडे तीन-चार उपयोग आहेत. एक म्हणजे जाण्यायेण्याचा, ‘वहिवाटीची पाणंद’. दुसरा म्हणजे रिवाज, शिमग्याला पालखी आधी कुठल्या घरी थांबणार ते ‘वहिवाटीप्रमाणे’. तिसरा म्हणजे जमीन प्रत्यक्ष वापरणं, कसणं, तिचं उत्पन्न घेणं, ‘सदर जमीन अमक्याचे वहिवाटीत आहे’. आणि चौथा आपल्या देवळांचा, देवस्थानचे ‘वहिवाटदार’, म्हणजे कारभार बघणारे. या चौथ्यावरून मालकी आणि वहिवाट यातला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. देवस्थानची जमीन देवाची, वहिवाटदार फक्त सांभाळणारा. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या देवळांच्या जमिनींबाबत हेच सांगितलं, मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव, पुजारी व्यवस्थापक.

दस्तात ‘मालकीची व कब्जेवहिवाटीची’ हे तिन्ही एकत्र लिहितात ते उगाच लांबण नाही. मालकी म्हणजे हक्क, कब्जा म्हणजे जागा ताब्यात असणं, वहिवाट म्हणजे तिचा वापर चालू असणं. विकणारा सांगतो की तिन्ही माझ्याचकडे आहेत, मध्ये दुसरा कोणी नाही.

आता तुमच्या वाक्यातला ‘व’ सांभाळा. ‘आजोबांच्या मालकीची व वहिवाटीची’ लिहिलंत तर दोन्ही आजोबांच्या खाती जातात. ‘आजोबांच्या मालकीची व आत्येच्या वहिवाटीची’ लिहिलंत तर एक इकडे, एक तिकडे. एक ‘च्या’ राहिला तर अर्थ फिरतो. मी या एका ‘च्या’ वरून साक्षीदाराला तासभर उलटतपासणीत उभं राहिलेलं बघितलंय.

दर्याकिनारी (सध्या ठाणे)

चर्चा छान आहे पण मला वाटतं तुम्ही फार खोलात जाताय. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो मालक. बाकी कागदात ची लिहा नाहीतर च्या लिहा, काय फरक पडतो.

पोटहिस्सा

फरक पडतो, कारण सातबाऱ्यावर ‘मालक’ असा रकानाच नाही. घरी असेल तर काढून बघा. तिथे ‘भोगवटादाराचे नाव’ असं छापलेलं असतं, जुन्यावर ‘कब्जेदार’ असायचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या भाषेत जमीन धारण करणारा तो भोगवटादार, वर्ग १ म्हणजे हस्तांतरावर बंधन नाही, वर्ग २ म्हणजे परवानगी लागते. सातबाऱ्यावरची नोंद खरी धरून चालतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद, झाला म्हणून मालकी येत नाही आणि फेरफार राहिला म्हणून जात नाही, तो महसुलाचा कागद आहे. मालकी येते ती खरेदीखताने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने, वाटणीने नाहीतर वारसाहक्काने.

दर्याकिनारी

आत्ताच मोबाईलवर सातबारा उघडून बघितला. खरंच भोगवटादार आहे. इतकी वर्षं हातात घेतोय पण हा शब्द वाचलाच नव्हता. माझं वाक्य मागे घेतो.

सुरंगी

भोगवटा म्हणजे भोगणं, उपभोग घेणं, म्हणजे शब्दाच्या पोटात बघायला गेलं तर तो वहिवाटीच्या जवळचा आहे, मालकीच्या नाही. मला हे आज लक्षात आलं.

अजून एक सांगते, आमच्याकडे आंब्याच्या दिवसात रोज दिसतं. बाग कराराने देतात. ज्याने घेतली तो म्हणतो ‘यंदा अमक्यांची बाग माझ्याकडे आहे’. ‘माझी बाग आहे’ म्हणत नाही. फवारणी तो करणार, राखण तो ठेवणार, आंबा तो उतरवणार, पेट्या तो भरणार, पण ‘माझ्याकडे’. आणि ज्याची बाग आहे तो ‘मला ३१ कलमं आहेत’ असं म्हणत नाही, ‘माझी ३१ कलमं आहेत’ म्हणतो. ‘मला’ माणसांसाठी, मला दोन भाऊ आहेत, मला एक आत्या आहे. मला, माझ्याकडे आणि माझं, असणं एकच पण तीन तऱ्हांनी सांगतो आपण आणि कोणी लहान मूलसुद्धा त्यात सहसा चुकत नाही.

शुद्धलेखन

सुरंगी, किती नेमकं लिहिलंस गं.

तांबडीमाती, मी काल रात्री तुमचं वाक्य पुन्हा वाचलं आणि माझ्याच्याने एक मोठी गोष्ट सुटली होती ती आता सांगते. ‘ची’ आणि ‘च्या’ बघण्याच्या नादात मी क्रियापद बघितलंच नाही. तुम्ही लिहिलंय “आजोबांच्या मालकीची … आहे”. आजोबा १९८७ मध्ये गेले. गेलेल्या माणसाच्या मालकीची बाग ‘आहे’ कशी असेल? ‘होती’ हवं. आणि ‘होती’ लिहिलं की वाचणारा लगेच विचारणार, मग आता कुणाच्या मालकीची ‘आहे’? ते तुमच्या वाक्यात कुठेच नाही.

पोटहिस्सा

बाई, आमच्याकडे मसुदा तपासायला तुम्हाला बोलवायला हवं. अगदी बरोबर बोट ठेवलंत.

तांबडीमाती, आता मी काही प्रश्न विचारतो, उत्तरं इथे दिलीत तरी चालेल. आजोबांनी जागा स्वतःच्या कमाईतून घेतली होती का? मृत्युपत्र होतं का? आणि ते गेल्यावर वारसनोंदीचा जो फेरफार झाला त्यात आत्येचं नाव कुठे लागलं ते बघा. डावीकडे भोगवटादारात आहे की उजवीकडच्या ‘इतर हक्का’च्या रकान्यात?

तांबडीमाती

स्वतःच्याच कमाईतून घेतली होती, मिलमध्ये होते ते. मृत्युपत्र नाही. फेरफार घरी नाही, उद्या तलाठ्याकडून काढतो.

तांबडीमाती

दोन दिवस गेले. फेरफार मिळाला, १९८८ चा आहे. भोगवटादारात आमचे बाबा आणि दोन्ही काका, तिघांची नावं. आत्येचं नाव उजवीकडे ‘इतर हक्क’ मध्ये आहे. बारीक अक्षरात, नुसतं नाव आणि पुढे ‘बहीण’.

खरं सांगतो, तो कागद हातात घेऊन मी तिथेच बाकावर बसलो. एवढी वर्षं सातबारा येतोय, दरवर्षी कोणी ना कोणी काढतो, सोसायटीच्या कर्जाला लागतो, आमच्यापैकी एकानेही उजव्या बाजूला बघितलं नाही. आणि मी तिला ‘वहिवाट’ देऊन मोठं काहीतरी करतोय असं समजत होतो.

पोटहिस्सा साहेब, आता पुढे काय?

पोटहिस्सा

आधी हे मनातून काढा की तुमच्याच घरात असं झालं. त्या काळी बहिणींची नावं इतर हक्कात टाकायची पद्धतच पडली होती, जिल्ह्यात असे सातबारे ढिगाने सापडतील.

आता कायदा बघा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा आणि मुलगी सारखेच वारस, आणि हे १९५६ पासूनच आहे. २००५ च्या दुरुस्तीची लोक नेहमी चर्चा करतात ती वडिलार्जित एकत्र मिळकतीतल्या मुलीच्या हक्काची, तिचा तुमच्या बाबतीत संबंधच येत नाही. आजी आधीच गेलेल्या, म्हणजे १९८७ मध्ये आजोबा ज्या दिवशी गेले त्या दिवशी चौघं भावंडं मालक झाली, प्रत्येकी चार आणे, म्हणजे पाव हिस्सा. आत्येचं नाव डाव्या रकान्यात असो की उजव्या, तिची चार आण्यांची मालकी तेव्हापासून आहे.

आणि वहिवाटीबद्दल अजून एक. १२ वर्षं ताबा असला की मालकी मिळते असं लोक ऐकून असतात. सहमालकांमध्ये ते इतकं सोपं नसतं, एका सहमालकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. म्हणजे नुसती ‘आत्येच्या वहिवाटीची’ एवढंच लिहून तुम्ही तिला जास्त काही दिलं नसतं, उलट वाचणाऱ्याला वाटलं असतं की तिची फक्त वहिवाट होती, मालकी नव्हती.

तुमच्यात वाद नाही हे फार मोठं आहे. सर्व वारसांनी मिळून तलाठ्याकडे अर्ज द्या, तिचं नाव भोगवटादारात घेण्यासाठी. वाटणी करायची असेल तर पुढचा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला लागेल, घरी स्टॅम्पपेपरवर सह्या करून भागणार नाही. आणि मी इथे लिहितोय ते एका फोरमवरचं आहे, मूळ कागद तुमच्या वकिलांना दाखवल्याशिवाय काही करू नका.

आठ_आगर

कागद जपून ठेवणाऱ्यांनासुद्धा तो उलटून बघायचं सुचत नाही. मी आजच आमचा सातबारा काढतो, माझ्या दोन आत्या आहेत.

खाडीकाठ

दादा, झाडांचा पण लिवा हां. आमच्याकडे जमीन एकाची आणि वरचं झाड दुसऱ्याचं असं असतं, आणि ती नोंद पण त्याच इतर हक्कात असते. तुमच्या आत्येने लावलेली कलमं कुठली ते तिला आत्ताच विचारून घ्या, सगळ्यांसमक्ष. आज तिला एकेक कलम पाठ असेल.

तांबडीमाती

शनिवारी सगळे गावी जमलो होतो. दोन चुलत भाऊ, एक चुलत बहीण, मी, आणि व्हिडिओ कॉलवर धाकटे काका. मी फेरफार मध्ये ठेवला आणि उजवीकडचं नाव वाचून दाखवलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की तेव्हा मी सही केली ती वाचून केली नव्हती, आता वाचून करतो. बाकी कोणाला काही सांगावंच लागलं नाही.

मग संध्याकाळी आत्येबरोबर बाग फिरलो. खाडीकाठ, तुम्ही म्हणालात तसंच झालं, तिला एकेक पाठ. हे नानांनी लावलेलं (आजोबांना ती नाना म्हणते), हे मी लावलं ते साल विहीर आटली होती, हे मेलं होतं याला परत खुंटावर कलम बांधलं. १७ तिने लावलेली निघाली. चुलत बहिणीने प्रत्येकाला चुन्याने नंबर घातला आणि वहीत लिहून घेतलं.

रात्री नवीन वाक्य लिहिलं. बाईंनी शिकवलेले सगळे ‘च्या’ मोजून घातलेत:

“सदर बाग व घर ही मिळकत मूळ कै. आजोबांच्या मालकीची व कब्जेवहिवाटीची होती. त्यांच्या पश्चात ती आत्या व तिचे तीन भाऊ अशा चौघांच्या सामाईक मालकीची झाली असून सन १९८३ पासून आत्येच्या प्रत्यक्ष वहिवाटीत आहे.”

(नावं खऱ्या कागदात येतील, आणि जे दोघे आता नाहीत त्यांचे वारस पण.)

आत्येला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवत, शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं. ‘सामाईक मालकीची’ पाशी थांबली आणि विचारलं, “यात मी पण आले ना रे?” मी म्हटलं, “पहिलं नाव तुझंच आहे, मोठी ना तू.” तिने परत पहिल्यापासून वाचलं. आणि मग म्हणाली, “विहिरीचं काय लिहिलंच नाहीस. शेजारची दोन घरं नानांच्या वेळेपासून आपल्या विहिरीवर भरतात. उद्या तुम्ही पोरं गेट लावाल, त्यांनी कुठे जायचं?”

तर बाई, सुरंगी, पोटहिस्सा साहेब, आता विहिरीचं वाक्य हवंय. विहीर आमच्या मालकीची, पाणी त्यांचं पण. कसं लिहू?

शुद्धलेखन

विहीर दीर्घ, पण प्रत्यय लागला की विहिरीचा, विहिरीवर, ‘हि’ ऱ्हस्व, तेवढं जपा. मी असं लिहीन:

“सदर मिळकतीतील विहीर ही वरील सर्वांच्या सामाईक मालकीची असून तिच्या पाण्याची वहिवाट शेजारील दोन घरांना पूर्वापार आहे व ती पुढेही तशीच चालू राहील.”

पोटहिस्सा

वाक्य चोख आहे. फक्त ‘शेजारील दोन घरांना’ च्या जागी घर नंबर घाला, आणि विहिरीवर जायची पाऊलवाट कुठल्या बाजूने आहे ते पण. पाण्याची वहिवाट लिहिली आणि वाटेची राहिली तर घागर घेऊन जाणार कुठून.

तांबडीमाती

पूर्वेकडून आहे, गोठ्याच्या मागून. घालतो.